शिंप्याकडचं मशीन

भाचीच्या लॅपटॉपचं झाकण उघडताना कोपऱ्यातून बारीकसा ‘कट्’ असा आवाज आला आणि स्क्रीनच्या कडेची पट्टी नखभर वर उचलली गेली. आम्ही दोघींनी ती बोटानं दाबून परत बसवली. पंधरा दिवसांनी ती दाबूनही बसेना. महिन्याभरात अशी गत झाली की झाकण उघडलं की खालच्या बॉडीचा कोपराच सोबत वर यायचा आणि फटीतून आतल्या बोर्डाची कड दिसायची. लॅपटॉप घेऊन चौदा महिने झाले होते. वॉरंटी बाराच महिन्यांची.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, नुसती हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, बदलून उपयोग नाही. ती ज्या प्लॅस्टिकमध्ये बसते तो अख्खा भाग कीबोर्डसकट बदलावा लागेल. ४२,००० रुपयांच्या वस्तूला १४,५०० रुपयांची दुरुस्ती. बहिणीनं हात जोडले आणि आम्ही बाहेर पडलो. मग गल्लीतल्या एका मुलानं त्यात एम-सील भरून दिलं. ते दीड महिना टिकलं.

घरात सगळ्यांचं म्हणणं एकच: पोरीनं आदळआपट केली असणार. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. म्हणून एका रविवारी मी तो लॅपटॉप उघडून तो कोपरा नीट पाहिला. हिंज पोलादी होती, चांगली घट्ट. पण ती ज्या स्क्रूंनी बसवली होती ते धातूत बसलेलेच नव्हते. प्लॅस्टिकचे हरभऱ्याएवढे तीन खुंट, त्यांत गरम करून दाबलेले पितळी नट आणि त्या नटांत स्क्रू. झाकण उघडताना आणि मिटताना लागणारा सगळा जोर त्या तीन खुंटांवर. एक तडकला की त्याचा भार उरलेल्या दोघांवर येतो आणि मग फक्त दिवस मोजायचे. जी वस्तू दिवसातून आठ-दहा वेळा उघडायची, तिच्यात नेमकी जोर येणारी जागाच सर्वांत कच्ची ठेवलेली. पोरीचा काही दोष नव्हता. हे मी तिला तेव्हाही सांगितलं आणि इथेही लिहून ठेवते.

त्या दिवशी मला आईच्या शिलाई मशीनची आठवण झाली. आम्ही साताऱ्याला राहत होतो तेव्हाची गोष्ट. बाबा दुकानातलं नवं, सोनेरी वेलबुट्टी काढलेलं मशीन बघून आले होते. आईनं ते घेऊ दिलं नाही. धंदा आवरत असलेल्या एका शिंप्याकडचं वापरलेलं मशीन तिनं आणलं. तिचं म्हणणं होतं, “शिंप्याचं पोट त्याच्यावर असतं. त्याला बंद पडलेलं परवडत नाही.” त्या मशीनचा रंग जागोजागी उडालेला होता. पण त्याचं डोकं मागे कलतं करता यायचं, खालचा सगळा कारभार उघडा व्हायचा आणि जिथे जिथे तेल लागतं तिथे तिथे भोक ठेवलेलं होतं. दर रविवारी आई तेलाची कुपी घेऊन बसायची. हे कधीतरी कोणीतरी उघडणार आहे, हे बनवणाऱ्यानं आधीच धरून ठेवलेलं होतं.

माझं पोट कीबोर्डवर आहे. भाषांतरं आणि मुद्रितशोधन करते. दिवसाचे सात-आठ तास टायपिंग. गेली कित्येक वर्षं मी ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉपच वापरते. तरीही भाचीला पहिला लॅपटॉप घेताना मी गप्प बसले. लेक कॉलेजला निघाली आहे, तिच्या हातात नवीकोरी वस्तू पडावी असं बहिणीला वाटत होतं आणि त्या वाटण्यावर पाणी टाकायचं माझ्या जिवावर आलं. दुसऱ्या वेळी मात्र मी गप्प बसले नाही.

लॅपटॉपच्या मोठ्या कंपन्या दोन तऱ्हेच्या गिऱ्हाइकांसाठी दोन निरनिराळ्या जातींची मशीनं बनवतात. लेनोवोचा आयडियापॅड वेगळा, थिंकपॅड वेगळा. २०२५पर्यंत डेलचा इन्स्पिरॉन वेगळा होता, लॅटिट्यूड वेगळा. एचपीचं पॅव्हिलियन वेगळं होतं, एलीटबुक वेगळं. शोरूममध्ये उभं राहून आपण काय बघतो? प्रोसेसरचं नाव, रॅम, स्टोरेज, रंग, जाडी आणि ईएमआय. हिंज कशात बसवली आहे हे तिथे दिसत नाही आणि विचारलं तरी सांगणारं कोणी नसतं. मग बनवणाऱ्याचा पैसाही जे दिसतं त्यावरच खर्च होतो.

ऑफिसच्या खरेदीचं गणित निराळं. तिथे एकदम पाचशे, हजार, पाच हजार नग घेतले जातात आणि जो विभाग ते घेतो त्यालाच पुढची तीन-चार वर्षं ते चालते ठेवायचे असतात. कीबोर्ड गेला तर तो बदलून माणूस तासाभरात कामाला लागला पाहिजे. बॅटरी, पंखा, एसएसडी सुटे मिळाले पाहिजेत आणि आज घेतलेल्या मॉडेलचे पार्ट तीन वर्षांनीही मिळाले पाहिजेत. या अटी घालणाऱ्या माणसाच्या हातात पाच हजार नगांची ऑर्डर असते, त्यामुळे त्याचं ऐकावंच लागतं. मी एकटी दुकानात जाऊन ‘हिंज धातूत बसवा’ म्हटलं तर कोण ऐकणार? पण त्या माणसानं घासाघीस करून जे पदरात पाडून घेतलेलं असतं तेच तीन-चार वर्षांनी निम्म्याहून कमी किमतीत माझ्या टेबलावर येतं. जुना ऑफिसचा लॅपटॉप घेते तेव्हा मी त्याची ती घासाघीस विकत घेत असते. स्वस्ताई हा त्यातला वरचा फायदा झाला.

माझा जीव थिंकपॅडवर आहे, तेव्हा त्याच्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवणार नाही. १९९२ साली आयबीएमनं ७००सी हे मॉडेल आणलं तेव्हापासूनचं हे घराणं. त्याचा ठोकळेबाज काळा आकार रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरचा. जपानी जेवणाचा लाखेचा डबा त्यांच्या डोळ्यांसमोर होता: बाहेरून साधा काळा चौकोन आणि झाकण काढलं की आत नेटके कप्पे. आपल्याकडचा मिसळणाचा डबा ज्यानं पाहिला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. थिंकपॅड बनवायचं काम जपानमधल्या यामातोच्या प्रयोगशाळेत अरिमासा नाइतो यांच्या हाताखाली झालं. कीबोर्डच्या मधोमध, जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यात जो लाल ठिपका असतो तो टेड सेल्कर यांचा. टायपिंग करता करता हात न उचलता कर्सर हलवायची सोय. २००५ साली हा सगळा धंदा लेनोवोकडे गेला. हे मशीन कसं उघडायचं, कोणता स्क्रू किती लांबीचा, कोणता भाग कशाच्या आधी काढायचा, हे चित्रांसकट सांगणारं मॅन्युअल कंपनी स्वतः इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचायला ठेवते. मी ते मॅन्युअल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आईच्या मशीनवरची तेलाची भोकं आठवली.

माझ्या आत्ताच्या मशीनवर ‘ई’ची कळ झिजून आरशासारखी चकाकते आहे. माझ्याकडे आलं तेव्हाच ती तशी होती. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत जास्त लागतं, त्यामुळे कोणीतरी वर्षानुवर्षं ईमेल लिहून लिहून ती घासली असणार. मी इनस्क्रिप्टनं, म्हणजे देवनागरीच्या एका कळरचनेनं, टाइप करते. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळेवर काना आहे. म्हणजे त्या अनोळखी माणसाचं बोट जिथे सारखं पडत होतं तिथेच माझंही पडतं. सात-आठ तास टायपिंग करणाऱ्या माणसाला कळ किती खाली जाते, ती वर येताना बोटाला कसा धक्का देते, याचं महत्त्व किती असतं ते दुसऱ्याला सांगून कळणार नाही. नव्या पातळ लॅपटॉपवर लेख टाइप केला की संध्याकाळी माझी बोटं पाटीवर आपटल्यासारखी दुखतात.

भाचीला घेऊन गेले ते दुकान पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर आहे. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळ लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीत नेहरू प्लेसला अशी दुकानं ओळीनं लागतात. पुण्यात ती शोधावी लागतात. माल मात्र इथल्याच आसपासचा, हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याच्या ऑफिसांतला. कंपन्या बहुतेक वेळा तीन-चार वर्षांच्या लीजवर लॅपटॉप घेतात. लीज संपली की चालू मशीनंही शेकड्यांनी एकदम बाहेर पडतात. याला दुकानदार ‘लॉट’ म्हणतात. लॉट आला की दोन मुलं जमिनीवर बसून हेअर ड्रायरनं मागचे कंपनीचे स्टिकर सोडवतात आणि मशीनं वेगळी लावतात: ए ग्रेड, बी ग्रेड, ‘बॉडीला डेंट’, ‘पॅनेलला स्पॉट’.

“ताई, कोणाला पाहिजे?” दुकानदारांनी विचारलं.

“भाचीला. इंजिनिअरिंगला आहे.”

“मग आठव्या जनरेशनच्या खाली जाऊ नका. विंडोज अकरा बसत नाही.”

हे त्यांनी आपण होऊन सांगितलं म्हणून मला ते दुकान आवडलं. इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या खालचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही आणि विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. त्या एका रेषेनं सातव्या जनरेशनची धडधाकट मशीनं कवडीमोल करून टाकली. माझ्याकडे त्यातलं एक आहे. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलंय आणि आमचे ऐंशी वर्षांचे शेजारी त्यावर रोज पेपर वाचतात.

आम्ही थिंकपॅडचं टी४८० बघायचं ठरवलं. २०१८चं मॉडेल. रॅमसाठी दोन खाचा, दोन्हीकडची रॅम बदलता येते. बॅटऱ्याही दोन: एक आत आणि एक मागून लावायची. आतलीवर मशीन चालू ठेवून मागची काढून दुसरी लावता येते. भाचीनं ते तिथल्या तिथे तीनदा करून पाहिलं आणि तेव्हा पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचं ‘मला जुनं घेऊन देतायत’ हे मळभ हटलं.

दुकानात आम्ही दोन तास बसलो. पाच पीस समोर ठेवून घेतले. स्क्रीनवर पांढरंशुभ्र पान उघडून कुठे डाग आहे का ते पाहिलं. रिकाम्या फाइलमध्ये एकेक कळ दाबली. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ची एक आज्ञा दिली की बॅटरीची कुंडली मिळते, नवी असताना तिच्यात किती मावत होतं आणि आता किती मावतं. पाचांपैकी दोघांच्या बॅटऱ्या निम्म्यावर आलेल्या होत्या. त्याच मशीनसाठी मी किंमत कमी करून मागितली असती, पण त्याहून चांगला पीस शेजारीच होता. झाकण एका हातानं उघडून प्रत्येकाची हिंज बघायचं काम भाचीनं स्वतःकडे घेतलं. ती ते इतक्या सावकाश करत होती की दुकानदार म्हणाले, “अगं उघड बिनधास्त. काही नाही होत त्याला.”

मला सगळ्यांत जास्त भीती असते ती कुलपाची. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानातून मी एक सुंदर मशीन आणलं होतं, खरचटलेलंसुद्धा नव्हतं. घरी आणून नव्यानं विंडोज टाकलं, वाय-फाय जोडलं आणि स्क्रीनवर एका परदेशी कंपनीचं नाव आलं: आपल्या ऑफिसच्या खात्यानं लॉग-इन करा. मोठ्या कंपन्या आपली मशीनं मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट यंत्रणेत नोंदवून ठेवतात. विकताना ती नोंद काढली नाही, तर कितीही वेळा विंडोज टाका, इंटरनेट मिळालं की मशीन जुन्या मालकाचं नाव घेतं. दुकानदार म्हणाला, “नेट न जोडता सेटअप करा, मग काही विचारत नाही.” मी ते परत केलं. हुज्जत घालायला लागली, पण परत केलं. ते मशीन हिशेबातून सुटलं होतं की कोणाच्या बॅगेतून उचललेलं होतं, मला कळायला मार्ग नव्हता, आणि असल्या वस्तूवर मी लोकांची पुस्तकं टाइप करणार नाही. तेव्हापासून पैसे द्यायच्या आधी दुकानातच मशीन कोरं करून माझ्या मोबाइलच्या नेटवर सुरू करायला लावते. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारी मशीनची मूळ सेटिंग, उघडून तिला जुन्या मालकाचा सुपरवायझर पासवर्ड नाही ना ते बघते. आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घेते. जो दुकानदार या तिन्हींतल्या एकालाही कुरकुर करतो त्याच्याकडून घेत नाही.

या दुकानदारांनी कुरकुर केली नाही. १९,००० रुपयांना मशीन, वर २,००० रुपयांची रॅम. तिथल्या मुलानं मागचं झाकण काढून रॅम बसवली. भाची काउंटरच्या अलीकडून मान उंच करून बघत होती.

आता जे नाही ते. या मशीनची स्क्रीन मंद आहे. गॅलरीत उन्हात बसलं तर काही दिसत नाही. कॅमेरा यथातथा. मोठी मागची बॅटरी लावली तर वजन दोन किलोच्या घरात जातं. ज्याला थ्रीडीचं काम किंवा व्हिडिओचं मोठं एडिटिंग करायचं आहे, त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. बॅटरी कधीतरी बदलावी लागते आणि तेव्हा बाजारातली सर्वांत स्वस्त लोकल बॅटरी घ्यायची नाही. ती फुगली की टचपॅड वर उचलायला लागतो आणि ती घरात ठेवणंसुद्धा धोक्याचं होतं. बॅटरी चांगलीच घ्यावी, मग भले ती मशीनच्या किमतीच्या चौथाई पडो.

आणि एक काळजी मला मनापासून वाटते. ऑफिसच्या लॅपटॉपांनाही पातळ व्हायचा सोस लागला. टी४८०च्या पुढच्याच वर्षी आलेल्या टी४९०मध्ये मागची बॅटरी गेली आणि एक रॅम बोर्डावरच झाळून टाकली. आज जे नवं विकलं जातं तेच चार वर्षांनी आमच्या पेठेतल्या दुकानात येणार. तिथे कोणी आज घासाघीस करायची सोडली तर उद्या आमच्या हाती काय लागेल? २०२४ साली आलेल्या थिंकपॅड टी१४च्या पाचव्या पिढीत दोन्ही रॅम पुन्हा सुट्या झाल्या हे वाचून मला घरातलं कोणी परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद झाला. ती मशीनं २०२८च्या सुमाराला बाजारात उतरतील. मी वाट बघते आहे.

कचऱ्याचं तर बोलायलाच नको. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. जुनं सामान गोळा करून त्यातला धातू परत काढायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. चांगली गोष्ट आहे. पण लॅपटॉपमुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा मोठा वाटा तो कारखान्यातून बाहेर पडायच्या आधीच गेलेला असतो. बनलेलं मशीन आणखी पाच वर्षं चालवणं याच्या जवळपास जाईल असं दुसरं काही मला दिसत नाही. भाचीचा तो पहिला लॅपटॉप, प्रोसेसर आणि स्क्रीन ठणठणीत असलेला, हरभऱ्याएवढ्या तीन खुंटांपायी भंगारात गेला. ते मला अजून सहन होत नाही.

मागच्या महिन्यात रात्री दहाला तिचा हॉस्टेलवरून व्हिडिओ कॉल आला.

“मावशी, पंखा घरघर करतोय. दुकानात नेऊ का?”

“घरघर म्हणजे धूळ असेल. उघडून बघ.”

“मी?”

“मॅन्युअल आहे ना तुझ्याकडे? आधी बायोसमध्ये जाऊन आतली बॅटरी बंद कर. मग मागची बॅटरी काढ. झाकण निघालं की पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं आणि ब्रशनं झाडायचं. पातं फिरू द्यायचं नाही.”

तिनं फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. मैत्रिणीची ओढणी पसरून त्यावर मशीन उलटं ठेवलं. मैत्रीण टॉर्च धरून शेजारी. स्क्रू ड्रायव्हर चष्म्याच्या दुकानातून मागून आणलेला. थोडा वेळ नुसतं डोकं दिसत होतं, मग आवाज आला, रडवेला.

“मावशी, आटे गेले वाटतं. स्क्रू नुसताच फिरतोय, बाहेर येतच नाहीये. मी जोर नाही लावला, खरंच.”

“अगं, तो बाहेर येतच नाही. सैल होतो आणि झाकणालाच धरून राहतो. तसाच केलेला आहे तो.”

“का?”

“उघडणाऱ्याच्या हातून हरवू नये म्हणून.”

ती पुन्हा वाकली.

“दुसराही तसाच आहे,” ती म्हणाली.